दोनशे बावीस

बाटलीवर मराठीत लिहिलंय: मानवी मूत्रपिंड, पिढी चौतीस.
अक्षर रेणुका मुतगेकरचं, उजवीकडं कललेलं.
ती लग्न होऊन हुबळीला गेली.
तिला कुणी विचारलं नव्हतं, बाटली आली कुठनं.
बाटलीलाही नाही.

चार वर्षं, सदतीस अंशांत,
मी हिचं गुलाबी पाणी बदललं, दिवसाआड,
बंदच्या दिवशी बसा अडवल्या तेव्हा
अनगोळहून चालत येऊन.
पेशी वाढायच्या. जरा जास्तच वाढायच्या.
अष्टेकर सर म्हणायचे, पोरी, तुझ्या हाताला गुण आहे.
मी ते खरं मानलं.

परवा नियतकालिकाकडनं एक ओळ आली:
पेशी कुठल्या प्राण्याची, दाखला जोडा.
म्हणून डीएनए काढला, जेलमध्ये विहिरी पाडल्या,
वीज सोडली.
शिवलीला हुक्केरी पडदा ओढत म्हणाली,
"माणूस कुठं दिसतो गं?"
वर, तीनशे नव्वदच्या आसपास.
तिथं काळोख.

पट्टा खाली होता, दोनशे बावीसवर,
ठळक, एकटा.
आफ्रिकेतलं हिरवं माकड.

परत लावलं. परत तेच.
पहिल्या निबंधाला आम्ही कुंदा वाटला होता,
वॉचमनलासुद्धा.

कधी झालं असेल?
एखाद्या दुपारी एकच पिपेट दोन बाटल्यांत.
एक थेंब.
माणसाच्या पेशी हळू वाढतात;
मागं पडल्या असतील, काही न बोलता,
आणि मी त्यांच्याच नावानं दुसऱ्याला जेवू घालत राहिले.

शिरगणतीवाला आमच्या दारात
न विचारताच मातृभाषेचा रकाना भरत होता,
ते आठवलं. पण ते वेगळं.
तिथं मी भांडले होते, त्यानं खोडलं होतं.
इथं न विचारणारी मीच.

"होग्ली बिडु," शिवलीला म्हणाली,
आणि मग हातमोजे न काढताच रडली.
प्रबंध तिचा होता.

सरांनी फोन उचलला नाही.
बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली:
तळाला चिकटून, अंग पसरून,
निवांत.
ती कधी खोटं बोललीच नव्हती.

साडेचारला उद्यमबागेतनं नायट्रोजनची गाडी येते.
त्याआधी जुनी चिठ्ठी नखानं खरवडली.
डिंक राहिला, आणि पहिलं अक्षर तेवढं निघेना: मा.
त्यालाच जोडून लिहिलं, कड.
खाली तारीख.
शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.