माळा

डंडीत, तागाच्या जुन्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही नऊ जण एकच रेपो सांभाळतो.
गोदीची भाडी, कंटेनरांची बिलं.
सकाळी एकाने स्वल्पविराम हलवला
तर दुपारपर्यंत आठ जणांकडे हललेला असतो.
म्हणून जे आपल्यापुरतं, ते आत आणायचं नाही.
इश्बेलने पहिल्याच दिवशी सांगितलं,
ओली छत्री कुठे ठेवायची ते सांगावं तितक्या सहज.

माझ्यापुरतं असं एक फोल्डर होतं. नाव माळा.
त्यात एक स्क्रिप्ट, पुश करण्याआधी विचारायची,
चपला काढल्यास का?
हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही.
चाचणीसाठी खोटी गिऱ्हाइकं:
सिंधुताई खारोडे, कारंजा लाड, थकबाकी बारा पौंड.
दत्तू वायरमन, मूर्तिजापूर, पत्ता बदलला.
ज्यांनी समुद्र कधी पाहिला नाही
त्यांच्या नावाने मी इथे जहाजं सोडायचो.
आणि एक फाइल, जी काहीच करत नव्हती.
नुसते शेरे. इथे का अडकलो. हे उद्या बघ.
बाबांना फोन.

तर सगळ्यांच्या दुर्लक्ष-यादीत
मी एक ओळ वाढवली. माळ्याचं नाव, पुढे तिरकी रेघ.
पाठवून दिली.
तासाभरात इश्बेल: हे काय आहे?

म्हणजे बघू नका म्हणायलाही
आधी नाव घ्यावं लागतं,
आणि नाव घेतलं की कुणीतरी विचारतंच.

काय सांगणार तिला.
स्वयंपाकघराच्या दारावर फळीएवढी जागा,
मोडका टेबलफॅन, मागल्या दिवाळीच्या कंदिलाचा सांगाडा,
एका कानाचं पातेलं.
वापरत नाही, टाकवत नाही.
अ‍ॅटिक? ती म्हणाली.
नाही. अ‍ॅटिकला जिना असतो.
माळ्याला स्टूल लागतं, आणि स्टूल धरायला कुणीतरी.

तिने खुर्ची ओढली.
दुसरी एक यादी असते, म्हणाली,
तुझ्याच मशीनवर, अगदी आतल्या कप्प्यात.
ती कुठेच जात नाही. तिथे लिही.
मी इथली ओळ पुसली, तिथे लिहिली.
इतिहासात मात्र दोन्ही नोंदी राहिल्या,
सोमवारी घातल्याची, सोमवारीच काढल्याची,
दोन्हींपुढे माझं आडनाव.

नोव्हेंबरात, साडेतीनलाच अंधारत असताना,
डिस्क गेली. आधी टकटक केलं तिने,
मग तेही नाही.
नवं मशीन, एक आज्ञा, चार मिनिटं,
आणि नऊ जणांची अकरा वर्षं जशीच्या तशी परत.
कामावरून गेलेल्या हेक्टरचे विनोदसुद्धा.
माझ्या चुका, तारीखवार.
माळा नाही.
असेल कसा? मीच सांगून ठेवलं होतं ना.
सिंधुताईंची बोट कुठल्या बंदराला लागली
कोण जाणे.

दोन दिवस चपला घालूनच पुश केलं.

मग पुन्हा फोल्डर केलं, तेच नाव.
आतल्या यादीत घालायला गेलो,
तर आठवलं, रिकामं फोल्डर गिटला दिसतच नाही.
आत काही ठेवेपर्यंत
लपवण्यासारखं काही नसतं.

इश्बेल चहाचा मग घेऊन मागे उभी.
परत बांधतोयस? माला?
माळा, म्हटलं. जीभ वर ने, मागे वळव.
माला. मार्ला. माड्ला.
टे नदीच्या पुलावरून दिवे लावलेली गाडी निघून गेली,
ळ काही तिला सापडेना, आणि ती सोडेना.
मी पहिली ओळ टाइप केली: खारोडे,
मग थांबलो. त्यांच्या घराचा नंबर काय ठेवला होता?
आठवेपर्यंत तिचा हात
माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता.