गोदी नंबर नऊ

पाचवा भाग आला. नव्वद जीबी.
रात्रभर उतरत होता. सकाळी बायको म्हणाली,
पोरीचा क्लास अडकला तुमच्या यानापायी.
मी गप्प. चहा गाळला, चष्मा पुसला.
आज सोमवार, उद्यमनगर बंद.

पहिला भाग राजारामपुरीत, सातव्या गल्लीत,
तळघरातल्या कॅफेत, तासाला वीस रुपये.
कीबोर्ड एक, माणसं दोन:
वळण माझ्याकडे, वेग अश्फाक शिकलगारकडे.
गोदीत यान लावायचं म्हणजे सात मिनिटं श्वास धरायचा.
इंधनाचा हिशेब त्याच्या चुलत्याच्या लेथवरून आणलेल्या
जॉब-कार्डाच्या पाठीवर. कार्डाला कटिंग ऑइलचा वास.
"दमानं घे की, उसाची ट्रॉली हाय व्हय ही!"
लाइट गेली की सगळं विश्व
पडद्याच्या मधोमध एका ठिपक्यात गोळा व्हायचं,
मग ठिपकाही.

नऊ नंबरच्या गोदीत एक चूक राहिली होती.
डावी भिंत, खालचा कोपरा. नाक तिरकं घातलं की
यान पत्र्यातून आरपार
आणि आम्ही बाहेर. स्टेशनच्या बाहेर, ताऱ्यांच्याही.
नुसतं काळं. बनवणारे जिथं थांबले त्याच्या पुढचं.
मीटर चालू. वीस रुपये तासाचं ते काळं
आम्ही वर्गणी काढून बघितलं.
अश्फाक म्हणाला, "हितं कोण आलं नसंल बग."

दुसऱ्या भागात धुमकेतू आले, तिसऱ्यात व्यापार.
चौथा आठ वर्षं आज येतो उद्या येतो करत आला,
आणि त्यात यान रंगवायचे पैसे. खरे. रुपये.
मी दिलेही एकदा. नारिंगी. घरी बोललो नाही.
शिव्या घातल्या, काढून टाकला,
पंधरा दिवसांनी परत घातला.
असं घरात चाललं असतं
तर चार माणसं मध्ये पडली असती.

आता यान आपलं आपण गोदीला लागतं.
मी बसून, हात मांडीवर.
पण तिथली पहाट, काय सांगू,
काहिलीत रस आटत आला की कडेला जो रंग धरतो,
गूळ व्हायच्या जरा आधीचा,
तो अख्ख्या ग्रहाला चढतो
आणि मला राग धरून ठेवता येत नाही.
मग उजाडतं. खाली कुणीच राहत नसतं.

जुन्या लोकांसाठी म्हणे जुनं स्टेशन परत बांधलंय.
हुबेहूब. तेच दिवे, तीच हिरवी अक्षरं.
आपोआप लागणं बंद केलं. तळव्याला घाम.
नऊ नंबर. डावी भिंत. खालचा कोपरा.
नाक तिरकं.

ठण्ण.

पाटी आली: नुकसान अकरा टक्के. दुरुस्ती करायची?

बरोबरच आहे त्यांचं.
मी स्वतः फाउंड्रीत तपासणीला आहे.
हातोडीनं ठोकतो, कान लावतो,
पोटात पोकळी लागली की लाल खडू.
बावीस वर्षं झाली, एका पोकळीची कीव केली नाही.
कुणी तरी माझ्यासारखाच बसला असेल तिकडे,
त्यानं यादीतलं एक भोक बुजवलं
आणि जेवायला गेला.

शारजाला फोन लावला.
"अश्फाक, नऊ नंबर बुजवला रे."
मागं कसली तरी मशीन फिरत होती.
"कुठला नऊ?"
म्हटलं, काही नाही. जेवलास का.

पोरगी दारात. नेट मोकळं झालं?
झालं म्हटलं.
ती गेल्यावर यान मागं घेतलं,
आणि दमानं,
अगदी दमानं,
नाक तिरकं.