हिंगाची डबी

देवगड नाक्यावरची गाडी : चायनीज, बर्गर, फ्राइज.
मी विचारते, बटाटा कुठल्या तेलात तळता?
पोरगा हसतो. तेल ते तेलच, ताई.

त्याच तेलात आत्ता समोसे बुडून गेलेत.
मैद्याचा कण, दिसणारसुद्धा नाही,
आणि माझं आतडं आठवडाभर रुसणार.
हे सगळं रांगेत उभं राहून सांगायचं कसं?
मागचा माणूस खाकरतो.

भाताच्या मुलखातली मी.
गव्हाची पोळी आमच्याकडे
पाहुणी म्हणून यायची, सणावारी.
आता प्रत्येक झाऱ्याला चिकटून बसलीय.

गाडीमागून त्याची आई येते, शेवंता राऊळ.
माझ्याकडे बघते, हात धुते,
पदराला पुसणार तेवढ्यात थांबते,
पुन्हा धुते.
“ह्यो तवो घावनांचो.
गव्हाचा पीठ ह्येका कधी लागूक नाय.”

घावन जाळीदार सुटतं.
चटणीपाशी मी अडते : हिंग कुठला?
ती डबी माझ्यापुढे सरकवते, चष्मा घरी राहिलाय.
मुंगीएवढ्या अक्षरांत गव्हाचं पीठ.

“मेल्यांनी हिंगातय घातल्यानी?”

कोरडंच खाते मी, मीठ लावून.
ती अजून डबी उन्हात धरून
वाचता येतंय का बघत असते.