पाच षष्ठांश

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत
रात्रपाळीचा भोंगा झाला तरी आमची खोली जागी.
पडद्यावर चोवीस थरांची फळी,
काळं कार्बनचं कापड आणि राळ,
शून्य, पंचेचाळीस, उणे पंचेचाळीस, नव्वद,
आणि मध्यापासून पुन्हा उलट.

जुना सिद्धांत सांगतो:
फळीतून एक काडी आरपार खोचा, काटकोनात.
फळी वाकली तरी काडी काटकोन सोडणार नाही.
मी विश्वास ठेवला.
गणितानं मधोमध झोल दिला तीन पूर्णांक एक मिलिमीटर.
परशरामनं यंत्रावर तेवढंच वजन चढवलं,
काटा तीन नऊवर थांबला.
तो हसला नाही. नुसतं म्हणाला,
"तुझी फळी शहाणी हाय. माझी खरी."

रविवारी वडगावात कल्लाप्पाकाकांकडे.
माग मोडून अकरा वर्षं झाली,
ज्या खड्ड्यात पाय सोडून ते बसायचे
तिथं आता गॅसची टाकी.
"काय करुलालीस गं हल्ली?"
"कर्तन."
"कीर्तन?"
"कर्तन हो काका. थर थरावरून सरकतो, ते."
ते उठले. फडताळातून न खपलेली सात लुगडी काढली,
एकावर एक रचली, वर पंजा ठेवून ढकलला.
गठ्ठा तिरका झाला.
सात काठांची मिळून एक रेघ, उभी होती ती झुकली,
पण सरळच राहिली.
"हे होय? ह्याला पगार देतात?"

सोमवारी काडीला झुकायची मुभा दिली.
जाळीच्या प्रत्येक गाठीवर दोन अज्ञात वाढले,
झोल तीन आठ.
परशराम म्हणाला, "आली जरा माणसात."

तरी एक खोटं उरलंच होतं.
कर्तन मी सगळ्या जाडीत सारखं धरलं होतं,
खरं तर ते वरच्या अंगाला शून्य, खालच्याही,
आणि पोटात फुगतं.
या खोट्याची भरपाई म्हणून पुस्तकात एक आकडा आहे,
पाच षष्ठांश.
तो एकजिनसी पत्र्याचा. आम्ही एकजिनसी कुठे?
ईरण्णानं दोन रात्री बसून आमच्या फळीचा वेगळा काढला.
तो बैलहोंगलचा. म्हणाला, आमच्यात याला जारु म्हणतात,
घसरतं ते.
फाइलचं नाव ठेवलं: जारु-कर्तन-३.

मग पातळ फळी आली, चारच थरांची,
आणि तोच शहाणा घटक हटून बसला.
वजन दुप्पट, चौपट, हलायला तयार नाही.
मला हा हट्ट ठाऊक आहे.
चार खिडक्यांवर चार वेळा तोच प्रश्न,
कुठल्या तुम्ही, भाषा कुठली,
की माझ्याही अंगात असंच कुलूप पडतं.
ईरण्णा म्हणाला, चार बिंदूंवर नको, एकावरच विचार, मधल्या.
विचारलं. सुटला.
इतका सुटला की सगळी जाळी
वाळूच्या घड्याळासारखी चुरगळून नाचायला लागली,
मग पुन्हा हलकेच आवरावी लागली.

शुक्रवारी आखूड तुकडा मोडायचा होता.
टक्.
बोट मोडल्यासारखा आवाज, एवढाच.
वरचं अंग गुळगुळीत. खालचंही.
परशरामनं कडेवरून नख फिरवलं आणि एका जागी थांबवलं.
मी अहवालात लिहिलं:
भेग मध्यतलात, थर बारा व तेरा यांच्यामध्ये.
पृष्ठभाग निर्दोष.

रात्री काकांना फोन लावला.
गठ्ठा सरकू नये म्हणून काय करायचा हो तुम्ही?
"सुतळी. मधोमध, आवळून."
"शिवला तर? आरपार?"
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
"लुगड्याला भोक कोण पाडतंय, बाई?"

अहवालाचं शेवटचं पान
अजून तिथंच अडलंय.