चेकिंग

एकतीस वर्षं मी चादरी तपासल्या,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, खालून ट्यूब लावलेल्या काचेवर.
तुटलेला ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग
आणि गाठ.
गाठ आधी बोटाला कळायची, मग डोळ्याला.
खडूनं गोल करायचा, पुढची ओढायची.

आता माझ्या गाठी बघतायत.
आतड्यातली मागच्या दसऱ्याला काढली.
डॉक्टर हत्तुरे म्हणाले, ही जात एकटी राहत नाही,
रक्ताच्या वाटेनं जाऊन यकृतात बिऱ्हाड करते.

पहिल्यांदा सोनोग्राफी.
पोटावर गार, चिकट काहीतरी, त्यावरून सरकणारा ठोकळा,
घडीवरून फिरणाऱ्या माझ्या तळहातासारखा.
स्वस्त. घटकाभरात मोकळं.
पण मधे वायू आला की पडदा,
बरगडीआड हात पोचत नाही,
आणि ज्याचा हात त्याची नजर.
आमच्यात एक होती, तिच्या टेबलावरून सगळंच फर्स्ट क्वालिटी जायचं.
रिपोर्ट आला: विशेष काही नाही.
लेकानं पेढे आणले.
रक्तातला आकडा मात्र चढतच होता.

मग सीटी.
शिरेतून औषध गेलं, अंगभर ऊन उतरलं,
कपडे ओले झाले की काय म्हणून मी लाजले.
यंत्रानं मला ताग्यासारखं आडवं कापलं, पातळ, पातळ.
एक काळसर ठिपका. सात मिलिमीटर.
"पाण्याची फुगी असेल. नसेलही.
याहून बारीक सांगायला हे यंत्र कबूल नाही."
पटलं मला. एवढं खरं आमचा सुपरवायझर कधी बोलला नाही.

पेटचं मीच विचारलं, शेजारच्या गड्डम मास्तरांचं झालं होतं.
त्यात साखर टोचतात, म्हणाले, जिथं भूक जास्त तिथं उजेड.
अंगात आणखी कुठं गेलीय का, ते चांगलं दिसतं.
पण यकृत स्वतःच गोडखाऊ,
त्याच्या उजेडात बारकी गाठ बुडून जाते.
आधी एमआरआय करू.

मंगळसूत्र, जोडवी, केसातले आकडेसुद्धा काढून ठेवले.
सून म्हणाली, आत फार आवाज असतो, घाबरू नका.
आत गेले आणि
खटक् खटक् खटक् खटक्,
मग लय बदलून धडधड धडधड.
अगं, हा तर माग!
दुसरी पाळी, बत्तीस माग, डब्यातली शेंगाचटणी.
मी हसले तर काचेपलीकडून ओरडला, हलू नका.
पोरगा आमच्यातलाच निघाला, दुडमांचा.
टेप बंद करून तेलुगूत म्हणाला,
"ऊपिरि बिगपट्टु, अत्ता."
श्वास धर, आत्या.
तिकडं अत्ता म्हणजे आत्या, इकडं आत्ता म्हणजे आत्ता.
मी दोन्ही धरून ठेवलं.
मधे झोपच लागली.
मागाच्या आवाजात झोपायचं स्वप्न होतं माझं, पगार कापायचे म्हणून राहिलेलं.

शेवटचा फोटो उशिरा काढतात.
तोवर यकृताच्या चांगल्या पेशी औषध पिऊन उजळतात.
जे यकृताचं नाही, ते पीत नाही, काळं राहतं.
रंगाच्या हौदातही हेच.
सुतात नायलॉनचा धागा घुसला तर रंग घेत नाही, उपरा ओळखू येतो.

तीन.
सात मिलिमीटरवाली, आणि सीटीला न दिसलेल्या दोन.
सून रडायला लागली, कालपर्यंत एक होती.
कालही तीनच होत्या, म्हटलं. ट्यूब बदलली.

फिल्म मागून घेतली, खिडकीला धरली,
सवयीनं बोट ठेवलं: ही चौथी?
हत्तुरे हसले नाहीत. चष्मा वर करून बघितलं.
"ती शीर आहे. पण बघत राहा तुम्ही."

तिन्ही एका अंगाला आहेत, कापून निघतील म्हणतात.
यकृत पुन्हा भरून येतं.
असलं कापड मी पाहिलेलं नाही.

घरी पलंगावर तीच चादर, सेकंडची, निम्म्या भावात आणलेली.
माझ्या खडूचा गोल पहिल्या धुण्यातच गेला.
गाठ आहे अजून, पायथ्याशी,
अंगठ्याला लागते.
बावीस वर्षं पांघरतेय.