मागील सभेचे इतिवृत्त

कोरम नव्हता, म्हणून सभा अर्धा तास तहकूब करून
त्याच जागी, त्याच माणसांत पुन्हा भरली.
असं इंग्रजी इतिवृत्तात लिहिता येत नाही,
म्हणून ही दुसरी वही.
पहिली समितीची. ही माझी,
वडील संगमनेरला दूध सोसायटीचे सचिव होते
त्या भाषेतली.

स्थळ : कोल्डगिल, यॉर्कशरच्या डोंगरात.
चॅपलची मागची खोली. हीटर एक.
त्याच्याजवळची खुर्ची विनिफ्रेड आल्डरसनची,
हे ठरावाशिवाय कायम.

विषय पहिला : दुकान.
मेटकाफ नवराबायकोने पस्तीस वर्षं चालवलं.
टपालाची तिकिटं, मेंढ्यांचं औषध,
आणि कोण आजारी आहे ही बातमी,
सगळं एकाच काउंटरवरून.
मार्चअखेर बंद.
पुढचं दुकान सतरा मैलांवर, बस फक्त बुधवारी,
तीही मनात आलं तर.
गावाने ते विकत घ्यावं. शेअर पंचवीस पौंडांचा.

डेरिक थ्वेटने एकट्याने वीस घेतले.
दोन वर्षांपूर्वी त्याने गोठा विकला
सुट्टीची घरं भाड्याने देणाऱ्या कंपनीला.
गायी उभ्या राहायच्या तिथे आता गरम पाण्याचा टब,
दाराला किल्लीची पेटी, आकडे फिरवून उघडणारी.
आभाराचा ठराव कोणी मांडला नाही.
तो आपल्या बुटांकडे बघत बसला.
त्या वर्षी दुधाला काय भाव मिळाला होता
हे मला माहीत आहे, त्याचे हिशेब मीच तपासले.
इतिवृत्तात घेतलं नाही.

वीस शेअर, तरी मत एकच.
आमच्याकडे लिटरभर घालणाऱ्यालाही एक असायचं,
चाळीस लिटरवाल्यालाही एकच,
आणि चाळीसवाला दर वर्षी याच मुद्द्यावर उठून जायचा.
डेरिक उठला नाही.

विषय दुसरा : पाव.
बेकरीची गाडी एवढ्या लांब एकच जात आणून देणार.
आंबवलेल्या पिठाचा, जाड सालीचा, पाच पौंडांचा?
की पांढरा, कापलेला, प्लास्टिकमधला?
पाहुणे पहिला घेतील, नफा त्यात आहे, टोबी म्हणाला.
टोबी लंडनचा, घरून काम करतो,
पण इंटरनेटच्या केबलसाठी शेतांतून चर खणला तेव्हा
त्याच्या तळहातांचे फोड मी पाहिलेत.
विनिफ्रेड म्हणाली, त्या पावाने माझी कवळी निघते.
(हशा.)
मागून कोणीतरी :
नफा नाही तर दुकान नाही,
मग कवळीत काय घालशील?
(हशा नाही.)

अकरा विरुद्ध अकरा. डेरिक तटस्थ.
सगळे माझ्याकडे बघू लागले, मी लिहीत होते.
सचिवाला मत असतं का, यावर दहा मिनिटं.
नियम चौदा. असतं.

अकरा वर्षं झाली इथे, अजून मी 'नवी'.
माझ्या घरी कुठला पाव असतो ते सांगत नाही.
हात वर केला तो कापलेल्यासाठी,
आणि टोबीकडे बघायचं टाळलं.

ऐनवेळचे विषय.
डेरिक पहिल्यांदा बोलला :
दूध थंड करायची टाकी शेडमध्ये पडून आहे, स्टीलची.
कुणी नेली नाही.
दुकानाला काही उपयोग होत असेल तर.
सूचक नाही, अनुमोदक नाही.
विनिफ्रेडने आपली खुर्ची थोडी बाजूला ओढली,
हीटरची ऊब पलीकडे जाईल इतपत.

चहापानानंतर सभा संपली.
टाकीचं पुढच्या सभेत.

परतताना चढावर थांबून मोजलं :
सतरा घरांत दिवे.
गेल्या वेळी सोळा होते.
एक कदाचित पाहुण्यांचा असेल.
वाचून कायम करणे.