ओढू नकोस

मटुन्झिनीच्या किनाऱ्याला ओहोटी लागली
की आई शिणाणे काढायला खडकांवर जायची.
हातात पहार, डोक्यावर दुमडलेलं गोणपाट,
मागे मी, सहा वर्षांचा, नाकातोंडात खारं पाणी.

परतीला वाळूचं टेकाड चढायचं.
गोणपाट गळायचं तिच्या पाठीवर,
घसा कोरडा.
तिथेच अमाथुंगुलूची जाळी,
समुद्राच्या वाऱ्याने भादरलेली,
पानं चपलेच्या तळव्यासारखी जाड,
आणि काटा असा की टोकाला पुन्हा दोन फाटे.
एकातून सुटलास तर दुसरा विचारतो, कुठे निघालास?

आत लाल फळं.
"खुलेकानी, नुसतं बोट लाव," आई म्हणायची.
"आपणहून हातात आलं तर तुझं.
ओढावं लागलं तर अजून झाडाचं. ओढू नकोस."
मी ओढायचो.
कच्च्याचा पांढरा चीक ओठांना चिकटायचा,
जीभ आखडायची.
ती हसायची नाही, रागवायचीही नाही.
पुढे चालू लागायची.

आता टेकाडावर घरं आहेत.
सुट्टीपुरती उघडणारी, काचेची.
मी त्यांची कुंपणं कापतो, मंगळवारी आणि शुक्रवारी.
मिसेस प्रिन्स्लूंनी अमाथुंगुलूच लावली आहे,
रोपवाटिकेतून, ओळीने, पावती घेऊन.
चोर येत नाहीत म्हणे या काट्यातून.
फळांचं विचारलं तर म्हणाल्या, शोभेची आहेत. विषारी असतील.
मी मान हलवली.
पगार शुक्रवारी मिळतो.

घराकडची बाजू मी दोरी लावून कापतो.
समुद्राकडची, खालची, गुडघ्याएवढी,
कात्री तिथे पोचत नाही असं मी ठरवलं आहे.
ओहोटीनंतर बायका येतात त्या वाटेने,
गोणपाटं खाली ठेवतात,
हात आत घालतात कोपरापर्यंत, न बघता,
शेजारणीशी बोलत बोलत.
व्हरांड्यातून त्यांचे फक्त रुमाल दिसतात,
वाऱ्याने हलल्यासारखे.

गेल्या शुक्रवारी कुंपणाच्या आतल्या अंगाला
मालकिणीचा नातू बसला होता, उकिडवा.
हनुवटी लाल. ओठांवर चीक.
दंडावर दोन ओरखडे, शेजारी शेजारी.
मला पाहून हात पाठीमागे लपवला.

वर घरात कुणीतरी त्याला हाका मारत होतं.
मी कात्री खाली ठेवली.
एका फळाला बोट लावलं. नाही आलं.
दुसऱ्याला लावलं. नाही.
तिसरं तळहातात उतरलं,
उन्हाने कोमट झालेलं.
सालीसकट खाल्लं मी, त्याच्या समोर.

मग म्हणालो, माझ्या भाषेत, आईच्या आवाजात,
ओढू नकोस.

त्याला झुलू येत नाही.
पण त्याने पाठीमागचा हात काढला,
एका फळाखाली धरला
आणि बोट लावून
थांबला.